भातुकली आणि खरी भाकरी

लेकरे चूल मांडून खेळू लागली, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळ जण त्यांस उठवून लावितात. अन्न हा खेळ नव्हे, असे ते म्हणतात. आणि ज्यांच्या पूर्वजांनी दुष्काळ सोसला त्यांनी असे म्हणावे हे साहजिक आहे. तरी प्रश्न असा की, खेळातून रांधावयास शिकविल्याने अन्नाचा अनादर होतो, की आदर वाढतो?

बाजारात बसून वाजविण्याचा व विलाप करण्याचा खेळ खेळणारी मुले प्रभूच्या दृष्टीतून सुटली नाहीत (लूक ७:३२). मोठ्यांचे सुखदुःख लेकरे खेळूनच जाणतात. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या शाळेस ‘बालकांची बाग’ असे नाव दिले, त्यांची शिकवण खेळावरच उभी होती. १८८९ साली मुंबईत शारदासदन काढणाऱ्या पंडिता रमाबाई यांनीही अमेरिकेत असता ती पद्धती अभ्यासिली होती.

आपल्या घरी एवढेच करावे. ज्वारीचे मूठभर पीठ लेकराच्या पुढे ठेवावे व त्यास थापू द्यावे. ज्वारीस गव्हासारखा चिवटपणा नाही. पीठ ऊन पाण्यात चांगले मळले नाही, किंवा त्याची विरी गेली, तर भाकरी फाटते. लेकराची तीनदा फाटेल. तेव्हा आईच्या रोजच्या भाकरीत किती श्रम आहेत, हे त्यास उपदेशावाचून कळेल. तव्यावर मात्र मोठ्यांनीच टाकावी. वेडीवाकडी झाली तरी ती खावी, फेकू नये. पाच हजार जेवल्यावरही प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले (योहान ६:१२).

परंतु ह्याहून गंभीर गोष्ट आहे. भातुकलीत मुलगी रांधते, मुलगा पाटावर बसून हुकूम सोडितो. आणि कधी कधी कोणाच्या हातचे पाणी चालते व कोणाच्या हातचे नाही, हेही त्या खेळात ठरते. हे त्यांस कोणी शिकविले? खेळ हा घराचा आरसा आहे. आरशास दोष देऊन काय उपयोग?

मुलासही रांधणे शिकवावे, पण तेवढ्याने भागत नाही. याकोबास रांधता येत होते. तरी भुकेल्या भावास मसुरीचे वरण देताना त्याने ज्येष्ठपणाचा हक्क मागून घेतला (उत्पत्ति २५:२९-३४). हात शिकले होते, मन शिकले नव्हते. उलट, संकटसमयी सोडून गेलेल्या शिष्यांकरिता प्रभूने समुद्रतीरी विस्तव पेटवून मासळी व भाकर तयार ठेविली, आणि त्यांस न्याहारीस बोलाविले (योहान २१:९-१२).

म्हणून, बंधुभगिनींनो, खेळाचा शेवट असा करा: लेकराने केलेली पहिली भाकरी त्याने स्वतः न खाता, शेजारच्या एकट्या म्हातारीस, ती कोणत्याही कुळाची असो, नेऊन द्यावी, आणि तिने दिलेले पाणी तेथेच बसून प्यावे. असे लेकरू अन्नाचा अनादर कसा करील?