उपयोग सरल्यावर

मराठी माणसाने रेल्वेला ‘आगगाडी’ म्हटले, ते इंजिनाच्या पोटातील धगधगती भट्टी पाहून. ती भट्टी आता विझली आहे. ब्रॉडगेज मार्गांवरील वाफेच्या इंजिनांची नित्य सेवा १९९५ साली संपली. शब्द मात्र ओठांवर राहिला. काही जणांच्या मनात त्या गाड्यांविषयीचे प्रेमही राहते. किंबहुना उतारवयातच ते जागे होते. उमेदीच्या वर्षांत ज्यांनी इंजिनाकडे कधी ढुंकूनही पाहिले नाही, ते निवृत्तीनंतर जुन्या इंजिनांची चित्रे जमवू लागतात. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या छोट्या गाडीत मुद्दाम जाऊन बसतात. या उशिरा उमललेल्या प्रेमाला काय म्हणावे? केवळ विरंगुळा, की त्याहून काही अधिक?

आक्षेप उघड आहे. मागे वळून पाहणारी लोटाची पत्नी मिठाचा खांब झाली, ही कथा आपल्या परिचयाची आहे. शिवाय ज्या काळाकडे आपण वळून पाहतो, तो सर्वांनाच सुखाचा नव्हता. इंजिनाची शिटी आपल्याला गोड वाटते; भट्टीत तासन् तास कोळसा लोटणाऱ्या फायरमनच्या कानांना ती तितकी गोड वाटत असेल काय? भोर घाटातील रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. ते पंचवीस बोगदे खोदण्यासाठी आणि पूल बांधण्यासाठी एके काळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने, तापाने आणि अपघातांनी त्यांतील हजारो दगावले. त्यांचे विस्मरण घडवणारे प्रेम हे प्रेम नव्हे, तो नुसता भाबडेपणा होय.

मात्र याच प्रेमाची दुसरी वाटही आहे. संत ऑगस्टीन यांनी वस्तू वापरणे आणि तिच्यात आनंद मानणे यांत भेद केला. परिपूर्ण आनंदाचा विषय एकटा परमेश्वर. बाकी सारे त्याच्याकडे नेणारे साधन. आता आपल्या प्रवासाकडे पाहा. विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे पहिली गाडी १८६७ साली धावली. तेव्हापासून वसई परिसरातील पिढ्यांनी या मार्गावरून भाजीपाला नेला, फुले नेली, नोकऱ्या केल्या. या साऱ्या धावपळीत गाडी म्हणजे केवळ वेळापत्रक. ती आली तर आपण गप्प, उशीर झाला तर संतप्त. ती चालवणाऱ्याचा चेहरा आपण पाहिलाच नाही. घड्याळाची सत्ता संपते तेव्हा कोठे ती नजर मोकळी होते आणि साधनामागचे हात दिसू लागतात.

विदर्भात ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी छोटी गाडी होती. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडवलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. एखादे यंत्र सत्तर वर्षे चालते, ते कोणीतरी रोज त्याला तेल घालते, बाष्पपात्र साफ करते म्हणून. इंग्लंडमधील वेकफील्डचे अँग्लिकन बिशप एरिक ट्रेसी हे वाफेच्या इंजिनांचे नामवंत छायाचित्रकार होते. त्यांचा हा छंद इंजिनांपाशीच थांबला नाही. ड्रायव्हर आणि फायरमन यांच्याशी त्यांनी मैत्री जोडली. १९७८ साली वाफेच्या गाडीची वाट पाहत असताना अॅपल्बी स्थानकावरच त्यांना मृत्यू आला. यंत्राच्या प्रेमातून माणसांपर्यंत पोहोचता येते, याचा हा दाखला.

आपण निकामी झालेल्या इंजिनाला संग्रहालयात जागा देतो, त्याला रंग देतो, मुलांना तेथे नेऊन त्याची महती सांगतो. कारण त्याने एकदा भार वाहिला. मग ज्यांनी आपला भार वाहिला, ते वृद्ध आई-वडील घरातल्या कोपऱ्यात बसून असतात, तेव्हा हाच न्याय का लावू नये? माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरत नाही, असे आपली ख्रिस्तसभा शिकवते. परंतु रोजच्या व्यवहारात आपण गाडीप्रमाणेच माणसालाही वेळापत्रकाने मोजतो.

उपयोग सरल्यावर जे उरते, ते प्रेम की उपेक्षा, यावरूनच पूर्वीच्या नात्याचा कस लागतो. जुन्या गाडीवर उशिरा जडलेला जीव ही कसोटी आपल्यापुढे ठेवतो. इंजिनाचे चित्र भिंतीवर लावणाऱ्याने शेजारच्या खोलीतील म्हाताऱ्या पावलांचीही चाहूल घ्यावी. रविवारच्या मिस्साला त्यांना हात धरून न्यावे, आणि वाटेत त्यांच्या चालीने चालावे.