जागल्या वाऱ्यावर

प्रॉपेलरचे पाते कापणे हे मशीनवरच्या कामांतले अवघड काम. पात्याला पीळ असतो, कडेकडे जाडी कमी होत जाते आणि पृष्ठभाग जरासा जरी ओबडधोबड राहिला, तरी ते पाण्यात फिरताना बुडबुडे उठतात आणि फुटतात. तो आवाज समुद्रात दूरवर जातो. व्यापारी जहाजाचे त्याने फारसे बिघडत नाही; पाणबुडीचा मात्र ठावठिकाणा उघडा पडतो. हे पाते नेमके उतरवायचे तर टूलला एकाच वेळी अनेक अक्षांवर हलता आले पाहिजे. जपानच्या तोशिबा मशीन कंपनीकडे असे नऊ अक्षांचे मशीन होते. सोव्हिएत संघाला ते हवे होते.

पाश्चात्त्य देश आणि जपान यांची ‘कोकॉम’ ही समिती तेव्हा पॅरिसमधून काम करत असे. एकाच वेळी दोनपेक्षा जास्त अक्षांवर चालणारी अशी मशीन साम्यवादी देशांना विकायची नाहीत, हा तिचा नियम. तोशिबा मशीनने अर्जात दोन अक्षांचे साधे मशीन लिहिले. जपानच्या व्यापार मंत्रालयाने परवाना दिला. नियंत्रक संगणक नॉर्वेच्या सरकारी मालकीच्या काँग्सबर्ग कंपनीने पुरवले आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ही अजस्र मशीन लेनिनग्राडच्या बाल्टिक जहाजबांधणी कारखान्यात उभी राहिली. कागद चोख होते. प्रत्यक्ष मशीन आणि कागदावरचे मशीन समोरासमोर ठेवून पाहिले असते, तर यंत्रशाळेतल्या कुठल्याही जाणत्या माणसाला फरक कळला असता. पण तसे कुणी पाहिलेच नाही.

हे बाहेर आले ते एका माणसामुळे. व्यवहारातल्या दलाल कंपनीत, वाको कोएकीत, काम केलेल्या एकाने डिसेंबर 1985मध्ये थेट पॅरिसला पत्र लिहिले. जपानी मंत्रालयाने कंपनीला विचारले, कंपनीने इन्कार केला आणि मंत्रालयाचे समाधान झाले! पुढे अमेरिकेने पुराव्यांनिशी पाठपुरावा केला, तेव्हा 1987मध्ये प्रकरण पेटले. मूळ तोशिबा कंपनीच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. अमेरिकी संसदेच्या प्रांगणात खासदारांनी तोशिबाचा रेडिओ हातोड्यांनी फोडला. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. सोव्हिएत पाणबुड्या त्या मशीनच्या आधीपासूनच शांत होऊ लागल्या होत्या, त्यामुळे सगळा दोष या एका व्यवहाराच्या माथी मारणे बरोबर नाही. नियम मोडला गेला, हे मात्र निर्विवाद.

दुसरी गोष्ट नेदरलँड्सची. 1970च्या दशकात ॲमस्टरडॅममधल्या एफडीओ या कंपनीत फ्रित्स फेरमान हा तांत्रिक छायाचित्रकार काम करत होता. युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या भागांचे फोटो काढणे हे त्याचे काम. त्याचा सहकारी अब्दुल कादीर खान. खानच्या घरी गोपनीय ड्रॉइंग्ज पडलेली त्याने पाहिली आणि वरिष्ठांना सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले नाही. डिसेंबर 1975मध्ये खान पाकिस्तानला गेला तो परतलाच नाही. फेरमानची नोकरी मात्र 1978मध्ये गेली. तक्रार केल्यामुळे त्याच्यावर अन्याय झाला, हे त्याच्या देशातल्या जागल्यांसाठीच्या संस्थेने मान्य केले 2020 साली.

तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. ऑक्टोबर 2003मध्ये लिबियाकडे निघालेल्या ‘बीबीसी चायना’ जहाजावरून खानच्या जाळ्यातून पाठवलेले सेंट्रिफ्यूजचे भाग जप्त झाले. ते मलेशियात शाह आलम इथे बनले होते. तिथल्या कंपनीचे म्हणणे, माल तेल आणि वायू उद्योगासाठी आहे असा आमचा समज होता. त्या समजाला धक्का देईल असा सर्वंकष कायदाही तेव्हा मलेशियात नव्हता. तो 2010मध्ये आला.

निर्यात निर्बंधांचा हा विषय निघाला की आपल्याकडे जुनी जखम उघडी पडते, आणि ती खरी आहे. शांततेच्या कामासाठी म्हणून कॅनडाने दिलेल्या तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतले प्लुटोनियम 1974च्या पोखरण चाचणीत वापरले गेले. त्यावर उपाय म्हणून अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांनी जो गट उभा केला, तो बराच काळ आपल्याविरुद्धच होता. पुढे क्रे महासंगणकावरून अमेरिकेने अडवणूक केली, तेव्हा पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991मध्ये ‘परम 8000’ तयार झाला. अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी. पण तिच्यावरून ‘निर्बंध म्हणजे बड्यांची दादागिरी’ एवढाच निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. तेव्हा आपण मागणारे होतो. आज विकणारेही आहोत.

अशा दुहेरी वापराच्या मालाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या वासेनार गटाचे आपण डिसेंबर 2017पासून सदस्य आहोत, त्याआधी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या गटाचे. सामूहिक संहाराच्या अस्त्रांविषयीचा कायदा 2005पासून आहे. नियंत्रित वस्तूंची ‘स्कोमेट’ यादी आहे, विदेश व्यापार महासंचालनालय परवाने देते. चौकट मजबूत आहे. प्रश्न चौकटीच्या आत बसलेल्या माणसाचा आहे. मारेजिंग पोलाद गोल्फच्या काठीतही असते आणि रॉकेटच्या कवचातही. फ्लो-फॉर्मिंग मशीनवर गाडीची चाकेही निघतात आणि सेंट्रिफ्यूजच्या नळ्याही. न्हावा शेव्याला कस्टम अधिकाऱ्यापुढे शिपिंग बिल येते, त्यावर आठ आकडी कोड असतो. त्या कोडवरून मालाचा हेतू कळत नाही. तो कळतो भोसरीतल्या किंवा चाकणमधल्या त्या डिझायनरला, ज्याला गिऱ्हाइकाने सांगितलेल्या वापरासाठी एवढी बारीक टॉलरन्स कशाला, असा प्रश्न पडतो. किंवा निर्यात विभागातल्या त्या बाईंना, ज्यांना दिसते की खरेदीदार दुबईचा, पैसे तिसऱ्याच देशातून आणि मशीन बसवायला आमचा माणूस नको म्हणतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, निर्यात नियंत्रणाच्या कायद्याची अंमलबजावणी बंदरावर होण्याआधी कारखान्यात होते, आणि ती करणाऱ्या माणसाला आपण काहीच दिलेले नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2014मध्ये मंजूर केला, त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो लागू झाल्याची अधिसूचना निघालेली नाही. उद्या निघाली, तरी तो सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे. खासगी कारखान्यातल्या त्या डिझायनरला त्याचा उपयोग नाही. सरकारने तो लागू करावा, त्यात निर्यात नियंत्रणाचे उल्लंघन कळवणाऱ्या खासगी नोकरदाराला सामील करून घ्यावे आणि परवाना देणाऱ्या कार्यालयात ड्रॉइंग वाचता येणारे अभियंते पुरेशा संख्येने नेमावेत. कारखानदारांनीही अशी शंका घेऊन येणाऱ्याला ‘ऑर्डर घालवतोस का?’ असे विचारणे आजपासून बंद करावे.