पैसा कोणाच्या हाती?

मंडईत, मेडिकलच्या काउंटरवर, एसटीत कंडक्टरसमोर आज दोन प्रकारची माणसे एकाच रांगेत उभी असतात. एक फोन पुढे करून विचारतो, "स्कॅनर आहे ना?" दुसरी बटव्याची चेन उघडून दहा-दहाच्या नोटा मोजू लागते. मागचा तरुण चुळबुळतो, पुढच्या आजी मोजणे थांबवत नाहीत. या दृश्याचा अर्थ आपण फार लवकर लावतो: म्हाताऱ्यांना तंत्रज्ञान जमत नाही आणि पोरांना पैशाची किंमत नाही. दोन्ही निष्कर्ष अन्यायाचे आहेत. आपला पैसा खरोखर आपल्या ताब्यात आहे याची खात्री कोणत्या पिढीला कशातून मिळते, हे पाहिल्याशिवाय रोख आणि डिजिटल यांच्यातला वाद उमगत नाही.

ज्या पिढीचा हात नोटा सोडत नाही, तिच्याकडे पैसा कसा येत होता? कोकणातली आणि घाटावरची कित्येक घरे मुंबईच्या गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालली. पोस्टमन दारात यायचा, ओटीवर टेकून नोटा मोजायचा आणि घरातली बाई कागदावर सही करायची किंवा अंगठा उठवायची. पैसे आल्याचे अख्ख्या वाडीला कळे. पण ते हातात पडल्यावर वाण्याची उधारी किती, पोराची फी किती, देवाचे किती, औषधाचे किती, हे ती ठरवत असे. त्या वाटण्या डाळीच्या डब्यात, जुन्या फडक्यात, ट्रंकेच्या तळाशी वेगवेगळ्या राहत. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्यांची मनीऑर्डर आटली. २०१५ मध्ये टपाल खात्याने जुन्या पद्धतीची कागदी मनीऑर्डरही बंद केली. पैशाला जागा नेमून देण्याची सवय मात्र त्या बायकांच्या हाडीमासी खिळून राहिली.

समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलायझर यांनी १९९४ मध्ये आलेल्या 'द सोशल मीनिंग ऑफ मनी' या पुस्तकात अमेरिकेतल्या कुटुंबांचा असाच अभ्यास मांडला. हिशेबाच्या वहीत सगळे पैसे सारखे असले, तरी घरात ते सारखे नसतात. माणसे त्यांना नावे देतात, वेगळे ठेवतात, एकाचे दुसऱ्यात मिसळू देत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे हे समजायला पुस्तकाची गरज नाही. आहेराच्या पाकिटातले एकशे एक रुपये, भाऊबिजेची ओवाळणी, भिशीचा हप्ता आणि दळणाचे सुट्टे यांना एकाच आकड्यात ओतणे ज्यांना रुचत नाही, त्या बाईंना हिशेब येत नाही असे कोण म्हणेल?

त्यानंतरची पिढी बँकेत वाढली. पगार खात्यात जमा होऊ लागला, दर महिन्याला पासबुक भरून आणणे हा तिचा रिवाज झाला, एटीएमचे कार्ड तिच्या तरुणपणी किंवा मध्यमवयात आले. ही पिढी बँकेवर विश्वास ठेवते, पण छापील पुरावा मागते. महाराष्ट्रात तिला तसे कारणही मिळाले आहे. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांना रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या आदेशानुसार सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येणार होते. ओरड झाल्यावर ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवावी लागली. निवृत्तीची पुंजी तिथे ठेवलेल्या माणसाला पडद्यावरचा आकडा आणि हातातला पैसा यांत किती अंतर असू शकते ते त्या दिवशी कळले. अशा घरात कोणी दहा-वीस हजार कपाटात ठेवत असेल, तर त्याला वेडगळ म्हणण्याआधी ही हकिगत आठवावी.

तिसऱ्या पिढीची कहाणी २०१६ मध्ये सुरू होते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिलमध्ये यूपीआय आणले आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद ठरल्या. आज पंचविशीत असलेल्यांनी कमवायला सुरुवात केली तेव्हा पैसा फोनमध्येच आला. त्यांच्या दृष्टीने ही पद्धत सरळ आणि न्यायाची आहे. सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट टेकवले जात नाही. चौघांनी मिळून खाल्ले तर प्रत्येकाचा वाटा जागच्या जागी चुकता होतो. "मी दिले होते" आणि "मला मिळाले नाहीत" यांच्यातले भांडण एका नोंदीवर मिटते. घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या मुलाला पाकीट मारले जाण्याची भीती कमी राहते. चहाच्या टपरीवरची बाई पैसे जमा झाल्याचे सांगणाऱ्या पेटीतून येणारा आवाज ऐकते आणि हात पिठात असतानाही पैसे आले हे तिला समजते. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. एवढी माणसे रोज जे करतात, त्याला पोरांचा चाळा म्हणता येणार नाही.

तरीही रोख संपलेली नाही. नोटाबंदीच्या आधी चलनात सुमारे १८ लाख कोटी रुपये होते. २०२५ मध्ये ते ३६ लाख कोटींच्या पुढे गेले. म्हणजे देशाने एक सोडून दुसरे धरलेले नाही. रोजचा खर्च फोनकडे गेला, आणि अडीनडीला हाताशी असावा म्हणून ठेवायचा पैसा नोटांत राहिला. त्यातला काही बेहिशेबी असेलही. पण डब्यातली पुंजी काळी नसते.

नोटाबंदीने या पुंजीची गुपिते फोडली. घरखर्चातून दहा-वीस वाचवून कित्येक बायकांनी साठवलेले पैसे त्या आठवड्यांत नवऱ्यासमोर, मुलासमोर काढून ठेवावे लागले. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेची चौकशी होणार नाही, असे सरकारने सांगितले. घरातल्या चौकशीला मात्र असे कोणतेही परिपत्रक लागू नव्हते. माहेरी जायचे भाडे, मुलीच्या शिक्षणाची गुपचूप तरतूद, मारझोड झालीच तर घराबाहेर पडण्यापुरते पैसे, हे सगळे एका मुदतीत उजेडात आले. त्या रात्रीची आठवण तरुणांसाठी नव्या सोयीची आहे, त्यांच्या आयांसाठी हिरावल्याची. या विषयावर घरात संवाद होत नाही, याचे हे मोठे कारण आहे.

माझ्या मते या बदलाची सर्वांत कमी बोलली गेलेली बाजू इथे आहे. पैसा फोनमध्ये गेला तेव्हा घरातली सत्ताही सरकली. खाते आईच्या नावावर, पण नोंदवलेला मोबाइल नंबर मुलाचा. पेन्शन आजोबांची, पण ओटीपी नातवाच्या फोनवर. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा पंधराशे रुपये बायकांच्या आधार-जोड खात्यात येऊ लागले. ज्या घरात बँकेचा संदेश नवऱ्याच्या फोनवर पडतो, तिथे पैसे आल्याची खबर तिच्या आधी त्याला लागते, आणि तिने ते काढल्याचीही. मदत म्हणून सुरू झालेली गोष्ट ताबा केव्हा होते हे कोणाच्या लक्षात येत नाही. "आई, तुला कशाला हवेत रोख पैसे? काय लागेल ते सांग, मी मागवतो." या वाक्यात माया आहे. पण आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला चहापत्तीसाठीही सांगावे लागणे, हे त्या मायेचे दुसरे टोक आहे. प्रत्येक खर्चाचे कारण ज्याला द्यावे लागते, त्याचा पैसा त्याचा उरत नाही.

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा यांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. अंगठाबहाद्दर बायकांच्या प्रस्तावाला रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता. बायका अक्षरे गिरवून परत गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या. पुढे डिजिटल व्यवहार आले तेव्हा त्यांच्यातल्या एकीने पिन नको म्हटले, असे सिन्हा सांगतात. पिन कोणीही चोरू शकतो, अंगठा चोरता येत नाही. व्यवहार अंगठ्यावर करा, अशी तिची मागणी होती. यंत्राला न भिता, ते कोणाच्या हुकमात राहील हे विचारणारी ही बाई मला या सगळ्या चर्चेत सर्वांत पुढची वाटते.

तरुणांनीही हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांनी रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली. नोट हातातून जाताना लागणारी ठेच नाहीशी झाली की हात सैल होतो. शिवाय प्रत्येक व्यवहाराची नोंद कुठेतरी राहते आणि ती आपल्या मर्जीने वाचली जात नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवरच्या उलाढालीच्या आधारे छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूच्या कित्येक दुकानांत "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. कर भरावाच, पण चहावाल्याला आपल्या उत्पन्नाची नोंद कोण ठेवते आणि ती कशासाठी वापरली जाते हे आधी कळायला हवे, इतकी अपेक्षा रास्त आहे. पोलीस असल्याची बतावणी करून दिलेल्या 'डिजिटल अरेस्ट'च्या धमकीने निवृत्त माणसांची आयुष्यभराची बचत काही तासांत लुटली जाते, तेव्हा त्यांची भीती कल्पनेतली नाही हेही मान्य करायला हवे.

आणि यंत्रणा बंद पडते तेव्हा वयाचा भेद उरत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागात खांब आणि तारा कोसळल्या. काही गावांत वीज परतायला कित्येक आठवडे लागले. फोनला चार्जिंग नाही, टॉवरला वीज नाही, अशा ठिकाणी घरात असलेल्या नोटाच कामाच्या. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय देशभर काही वेळा ठप्प झाले, तेव्हा शहरी माणसालाही याची चुणूक मिळाली. डिजिटल व्यवहारांत आपल्या पुढे असलेल्या स्वीडनने २०१८ मध्ये घरोघरी पाठवलेल्या आपत्तीच्या पुस्तिकेत कमी किमतीच्या नोटा जवळ ठेवायला सांगितले होते. नॉर्वेने ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने पक्का केला. मागासलेपणाची शंकाही येणार नाही असे हे देश आहेत.

आपल्याकडे नोट हे १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यानुसार वैध चलन आहे. ती कुठे नाकारली जाणार नाही, याची हमी मात्र व्यवहारात हवी. रुग्णालय, औषधाचे दुकान, रेशन, एसटी, सरकारी खिडकी इथे रोख घेतलीच पाहिजे, असा स्पष्ट नियम असावा. एटीएममधून शंभर-दोनशेच्या नोटा मिळाव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना मुदती घालून दिल्या. खेड्यापाड्यांत त्या पाळल्या जातात की नाही, हे ग्रामसभेत विचारले गेले पाहिजे. बँकेतली माणसे असलेली खिडकी हा खर्च नसून सेवा आहे, हे सहकाराची परंपरा सांगणाऱ्या राज्याने तरी विसरू नये.

बाकीचे काम घरातले आहे. आईच्या खात्याला आईचाच नंबर जोडा, मग तो साध्या फोनचा का असेना. अशा फोनवरूनही पैसे देता यावेत म्हणून २०२२ पासून यूपीआयची वेगळी सोय आहे. रोजच्या खर्चापुरते छोटे खाते वेगळे करा, म्हणजे फसवणूक झालीच तर सगळी पुंजी जाणार नाही. शिकवताना तिच्या हातातून फोन काढून घेऊ नका. ती चुकेल, पुन्हा करेल, तुम्हीही असेच शिकला होतात. तिने कशावर किती खर्च केला हे विचारू नका. आणि तरुणांनो, घरात महिनाभर पुरतील एवढ्या लहान नोटा ठेवा, महिन्याच्या शेवटी फोनमधली यादी एकदा वाचून काढा.

स्वतःचा पैसा, दुसऱ्याची परवानगी न घेता, स्वतःच्या मर्जीने खर्च करता येणे, एवढीच सगळ्या पिढ्यांची मागणी आहे. आजीला ते स्वातंत्र्य नोटेत सापडले, नातीला फोनमध्ये. आज पंचविशीत असलेली नातही पंच्याहत्तरीची होणार आहे, आणि तेव्हा पैसे देण्याची जी काही नवी रीत असेल ती तिच्या बोटांना कदाचित जमणार नाही. त्या दिवशी तिला कोणाचे तोंड बघावे लागू नये, असे वाटत असेल तर आज आजीच्या नोटेचा मान राखणारे नियम आणि घरे आपणच घडवली पाहिजेत.