हाताने वाचलेलं घर

इमारतीच्या पुढच्या बाजूला आपण ‘दर्शनी भाग’ म्हणतो. मुलीसाठी स्थळ पाहावं तसं घरही आपण पाहायलाच जातो. भिंतीवरून हात फिरवून किंवा खोलीत नुसतं उभं राहून आवाज कसा घुमतो ते ऐकून कुणी घराची पारख करत नाही. वास्तुकलेची पुस्तकंही छायाचित्रांची असतात. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या एका बंगल्याची हकीकत कळल्यापासून मात्र ‘दर्शनी’ हा शब्द मला फार तोकडा वाटू लागला आहे.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्य चालवेनासा झाला, तेव्हा १८११ पासून १८२० पर्यंत त्याच्या मुलाने कारभारी म्हणून सत्ता सांभाळली. तोच रीजंट. त्याच्या नावाने ओळखली जाणारी बांधकामाची शैली पुढे १८३०च्या आसपासपर्यंत टिकली. लंडनच्या उत्तरेला राजघराण्याच्या मालकीचं मोठं कुरण होतं. तिथे जॉन नॅश या वास्तुकाराने उद्यान आखलं आणि त्यात बंगले विखुरले. त्याच्या पहिल्या आराखड्यात पन्नासच्या वर बंगले होते, प्रत्यक्षात आठच उभे राहिले. बंगल्यांभोवती झाडी अशी लावायची की एकातून दुसरा दिसू नये आणि प्रत्येक मालकाला सगळं उद्यान आपलंच वाटावं, ही नॅशची कल्पना. म्हणजे मोकळीक सगळ्यांची सामाईक, पण डोळ्यांपुरती एकट्याची. बांधकामातही हाच खेळ होता. भिंत विटांची, तिच्यावर गुळगुळीत गिलावा आणि गिलाव्यावर दगडाच्या चिऱ्यांचे सांधे रेखलेले. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, घर दगडी आहे. खिडक्या जमिनीपर्यंत उतरलेल्या, म्हणजे दिवाणखान्यात बसून हिरवळ दिसावी. त्या काळच्या कित्येक बंगल्यांना व्हरांडा असे, आणि तो शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातूनच नेला होता.

या आठांपैकी एक बंगला १८२५च्या सुमाराला हर्टफर्डच्या तिसऱ्या मार्क्विससाठी बांधला गेला. वास्तुकार होता डेसिमस बर्टन, वय जेमतेम पंचवीस. आईबापांचं दहावं अपत्य, म्हणून नाव डेसिमस. प्रवेशाशी उभे केलेले खांब त्याने पन्हळ्या न पाडता गुळगुळीत ठेवले आणि त्यांच्या माथ्यावरची पानांची नक्षी अथेन्सच्या ‘वाऱ्यांच्या मनोऱ्या’वरून घेतली. सगळा थाट श्रीमंत पाहुण्यांनी बघण्याचा. या घरात कानासाठी आलेली एक वस्तू मात्र होती, आणि ती बर्टनची नव्हती. फ्लीट स्ट्रीटवरच्या सेंट डन्स्टन चर्चवर १६७१ साली बसवलेलं एक घड्याळ होतं. त्यात दोन राक्षसी पुतळे हातातल्या सोट्यांनी घंटा वाजवत. चर्च पाडून नव्याने बांधायचं ठरलं तेव्हा मार्क्विसने ते घड्याळ विकत घेतलं आणि आपल्या बंगल्यात आणून बसवलं. लहानपणी दाईचं बोट धरून हे पुतळे बघायला जाताना ‘मोठा झाल्यावर हे मी घेणार’ असं तो म्हणे, अशी गोष्ट सांगतात. घड्याळ आलं आणि बंगल्याचं नावच सेंट डन्स्टन्स पडलं. त्या नावाला पुढे जो अर्थ येणार होता, तो मार्क्विसच्या स्वप्नातही नसेल.

पहिल्या महायुद्धात आघाडीवरून डोळे गमावलेले तरुण परत येऊ लागले. आर्थर पिअर्सन हे ‘डेली एक्स्प्रेस’ काढणारे वृत्तपत्रमालक. काचबिंदूने त्यांची स्वतःची दृष्टी गेली होती. या मुलांना आश्रम नको, शाळा हवी, असं त्यांनी ठरवलं. बंगला तेव्हा ओटो कान या अमेरिकन सावकाराकडे होता. त्याने तो पिअर्सन यांच्या हवाली केला, आणि १९१५च्या वसंतात पंधराएक एकरांच्या बागेसह ते घर आंधळ्या सैनिकांची शाळा झालं. जिथून पाहायचं म्हणून सगळं रचलं होतं, तिथे न पाहणारी माणसं राहायला आली.

आता ते घर जवळून बघू या. बघू या म्हणजे त्या मुलांसारखं, पायांनी. मोठ्या दालनांतून गालिच्याच्या पट्ट्या अंथरल्या होत्या. तळव्याला मऊ लागतं तोवर वाट बरोबर, कठीण लागलं की चुकली. बागेतल्या वाटांना कठडे होते, हात सरकवत जायचं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, कालपर्यंत बंदूक धरणारा, आज कठड्यावर तळहात ठेवून पावलं मोजतो आहे. पहिल्या दिवशी त्याची बोटं लाकडाला घट्ट धरून असतात. महिन्याभराने नुसती टेकतात. पुढे एक दिवस हात खिशात जातो, कारण वाट आता पायांना पाठ झालेली असते. लोडशेडिंगच्या दिवसांत आपण सगळ्यांनीच हे थोडं थोडं केलं आहे. अंधारात आपल्या घरातला माठ कुठे आणि उंबरा किती उंच, हे सांगायला दिवा लागत नाही. या मुलांना एका परक्या बंगल्याशी इतकी सलगी नव्याने करायची होती.

काटे बोटांनी चाचपता येतील असं घड्याळ आल्याबरोबर प्रत्येकाच्या हाती देत, कारण आंधळ्या माणसाचं पहिलं परावलंबन ‘किती वाजले हो?’ या प्रश्नात असतं. मग ब्रेल, टंकलेखन, टोपल्या विणणं, सुतारकाम, जोडे दुरुस्त करणं, मालिश, टेलिफोनचं काम. कुक्कुटपालनही होतं. कोंबडी हातात घेऊन पिसांवरून आणि तुऱ्यावरून ती कोणत्या जातीची हे सांगायचं. उद्यानाच्या तळ्यात ही मुलं होड्या वल्हवत. आणि शिकवणाऱ्यांमध्ये अंध शिक्षक आवर्जून नेमलेले असत. मला या शाळेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. डोळस माणूस अंधाला धीर देऊ शकतो, पण हे जमतं याचा पुरावा फक्त अंध माणूसच देऊ शकतो.

मग त्या देखण्या वास्तूचं काय झालं? ती वाया गेली का? मला तसं वाटत नाही. मेजवान्यांसाठी आखलेली ऐसपैस दालनं गर्दीत न धडकता चालायला उपयोगी पडली असतील, सपाट हिरवळी आणि रुंद वाटाही. दगडाचा आव आणणारा गिलावा मात्र या रहिवाशांना फसवू शकला नाही. दगड आणि चुना यांतला फरक तळव्याला लगेच कळतो. दिखाऊ तेवढं गळून पडलं आणि घराची जी खरी मापं होती, रुंदी, उंची, वळणं, पायऱ्या, तेवढी उरली. माझ्या मते इमारतीची परीक्षा अशीच व्हायला हवी. ज्याची बांधणाऱ्याने कल्पनाही केली नव्हती, असा माणूस तिथे राहायला आला तर त्याला ती सांभाळून घेते का? आपल्याकडे शाळांच्या नव्या इमारतींना उद्घाटनाच्या फोटोत शोभेल अशी कमान असते आणि आत जिन्याला धड कठडा नसतो, तेव्हा मला ही कसोटी हटकून आठवते.

या हकीकतीतला एक योगायोग मला सोडवत नाही. बर्टनचा बंगला उभा राहत होता त्याच सुमाराला, १८२४ साली, पॅरिसच्या अंधशाळेत लुई ब्रेल हा पंधरा वर्षांचा मुलगा सहा ठिपक्यांची लिपी तयार करत होता. एक रचना केवळ डोळ्यांसाठी, दुसरी केवळ बोटांसाठी. दोघींची भेट व्हायला नव्वद वर्षं लागली. त्या भेटीत टिकाऊ कोण ठरलं, तेही सांगायला हवं. शाळा पुढे त्या बंगल्यातून हलली. १९३५ साली घड्याळ फ्लीट स्ट्रीटवर आपल्या मूळ जागी परत गेलं. १९३६ साली बंगल्याला आग लागली, बार्बरा हटन या धनाढ्य अमेरिकन बाईंनी तो पाडून तिथे विनफील्ड हाउस बांधलं, आणि तिथे आज अमेरिकेचे राजदूत राहतात. बर्टनचे ते खांब आता नाहीत.

शिक्षण मात्र समुद्र ओलांडून आपल्याकडे आलं. न्यूझीलंडचा क्लूथा मॅकेंझी हा तरुण १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत अंध झाला आणि सेंट डन्स्टन्समध्ये शिकला. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी सैनिक अंध होऊन परतू लागले, तेव्हा त्यानेच १९४३ साली देहरादूनला त्यांच्यासाठी शाळा उभारायला पुढाकार घेतला आणि तिला नावही दिलं सेंट डन्स्टन्स. अंधांसाठीची आजची तिथली राष्ट्रीय संस्था त्याच रोपट्यातून वाढली. भारतीय भाषांची ब्रेल एक असावी या कामातही मॅकेंझींचा हात होता. १९५१ साली भारती ब्रेल ठरली, आणि त्याच साली देहरादूनला ब्रेल छापखाना सुरू झाला.

मराठी शाळेतलं अंध मूल आज ‘कमळ’ वाचतं, तेव्हा त्याच्या बोटाखाली येणारा ‘क’ म्हणजे डाव्या रांगेतला वरचा ठिपका आणि खालचा ठिपका. रीजंट्स पार्कमधल्या त्या दालनात इंग्रज सैनिकाच्या बोटाखाली येणारा ‘के’ही तोच होता.