नावनिशी आणि जागा
पाठ : लूक २:१-७



हा पाठ आपण दर नाताळास ऐकतो. कैसराची आज्ञा सुटली, म्हणून योसेफ आपल्या गर्भवती मरियेस घेऊन बेथलेहेमास गेला. तेथे त्याचे नाव सरकारी यादीत चढावयाचे होते. परंतु त्याच गावी त्याच्या कुटुंबास निजावयास ठाव मिळेना. राज्याने त्यास मोजिले, पण ठेवून घेतले नाही. मोजणे आणि जागा देणे यांमध्ये किती अंतर असते, हे आज आपण पाहू.

आपल्या गावांतील कितीएक मुले मुंबईस गेली आहेत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे आपल्या परिचयाची झाली आहेत. मुलगा कमावतो किती, हे आपण विचारितो. तो निजतो कोठे, हे कितीजण विचारितात?

त्या शहरानेही मोजणी केली आहे. १९७६ च्या जानेवारीत सरकारी व महापालिकेच्या जमिनींवरील झोपड्यांची गणना होऊन झोपडीवाल्यांस ओळखपत्रे मिळाली. १९८१ साली, ऐन पावसाळ्यात, पदपथांवरील लोकांस हुसकावून लावण्यास आरंभ झाला. त्याविरुद्धची दाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली व १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. पोट भरण्याचे साधन हिरावणे म्हणजे जगण्याचा हक्क हिरावणे होय, असे न्यायाधीशांनी मान्य केले. तथापि पदपथ अडवून राहण्याचा हक्क कोणास नाही, असेही त्यांनी ठरविले. ज्यांची नावे १९७६ च्या गणनेत होती, त्यांस दुसरी जागा द्यावी, आणि पावसाळा सरून महिना लोटेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, कोणास हालवू नये, अशी आज्ञा झाली. पावसात भिजणाऱ्या लेकरांची न्यायासनास आठवण झाली, याबद्दल देवाची स्तुती असो.

पुढे १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. त्याची रीत अशी की, बांधणाराने झोपडीवाल्यांस त्याच ठिकाणी पक्के घर फुकट बांधून द्यावे व त्याच्या बदल्यात जास्तीची घरे बाजारभावाने विकावी. या रीतीने उपनगरांत पुष्कळ कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले. परंतु येथेही यादी आहे आणि यादीस तारीख आहे. पहिली रेघ १ जानेवारी १९९५ ही होती. मागाहून ती १ जानेवारी २००० पर्यंत आली. त्यानंतर २०११ च्या आरंभापर्यंत आलेल्यांस किंमत भरून घर मिळण्याची सोय झाली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वस्तीविषयी १९९७ साली उच्च न्यायालयाची आज्ञा झाली, तेव्हाही १९९५ च्या मतदारयादीत ज्यांची नावे होती त्यांस अन्यत्र घर मिळावयाचे होते, बाकीच्यांस नाही. पात्र ठरलेल्यांपैकी पुष्कळांस पुढे चांदिवलीस घरे मिळाली.

आणि ज्यांस झोपडीही नाही, त्यांचे काय? मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे रात्रंदिवस उघडा असा एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सुमारे एक कोटी चोवीस लाख भरली. या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. पण प्रत्यक्ष निवारे पुष्कळ वर्षे याच्या जवळपासही पोहोचले नाहीत.

सरकारने रेघ ओढलीच कशाला, असे कोणी म्हणेल. बंधूंनो, अधिकाऱ्यांस कोठे तरी रेघ ओढावी लागते. नाही तर लबाडास रोज नवी झोपडी उभारून घर मागण्यास मोकळीक होईल. यास्तव आपण त्यांस दोष देण्याची घाई करू नये. परंतु द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आठवा. दिवस मावळतेवेळी आलेल्या मजुरांसही त्याने पोटापुरती मजुरी दिली. कायद्याची दया तारीख पाहते. देवाची दया भूक पाहते. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथून मंडळीचे काम सुरू होते.

तर आपण काय करावे? प्रथम, शहरात गेलेल्या आपल्या माणसांस सांगा की मतदारयादी, शिधापत्रिका, विजेचे देयक ही जपून ठेवा. यादीत नाव घालतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. आणि मागील तारखेचा खोटा कागद करू नका. खोटेपणाने मिळविलेल्या खोलीत प्रार्थना कोणत्या तोंडाने कराल? दुसरे, ज्यास घर मिळाले त्याने लग्नाच्या कर्जापायी ते विकून पुन्हा झोपडीत जाऊ नये. तिसरे, उपदेशकांनी शहरात गेलेल्या प्रत्येकाचा ठावठिकाणा मंडळीच्या वहीत लिहून ठेवावा, म्हणजे तेथे गेलेल्या नव्या मुलास जुन्याचा आधार होईल.

शेवटची गोष्ट घरची आहे. मुंबईच्या महापालिकेस बोल लावणे सोपे आहे. पण आपल्या ग्रामसभेतही घरकुलांची यादी वाचली जाते. ज्या विधवेचे छप्पर दर पावसाळ्यात गळते, तिचे नाव त्या यादीत आहे काय? नसेल, तर सभेत उठून बोलणारा आपल्यापैकी कोणी आहे काय? की आपल्या भावाचे नाव वर यावे म्हणून आपणच गप्प बसलो?

बेथलेहेमातील लोक दुष्ट होते असे शास्त्र म्हणत नाही. त्यांची घरे भरली होती, एवढेच. दाराशी उभा कोण आहे, हे त्यांस कळले नाही. आपणांस ते कळले आहे. म्हणून आपली सबब त्यांच्याहून लंगडी आहे. ज्यास जन्मताना जागा मिळाली नाही, तोच आपल्यासाठी पित्याच्या घरी जागा तयार करावयास गेला आहे. त्याच्या नावाने या आठवड्यात एका तरी बेघरास जागा करून द्या.

आमेन.