फसणे हे पाप आहे काय?



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आपल्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. सगळे त्यांना 'सर' म्हणतात, आपणही तेच म्हणू. "फादर, पापनिवेदन करायचे आहे," ते म्हणाले. कशाबद्दल, असे विचारले तर "मी फसलो" एवढेच बोलले आणि खाली बघत राहिले. आम्ही म्हटले, "सर, आधी कार्यालयात बसून चहा घेऊ. ह्यात पाप कोणते ते मागाहून पाहू." ते सारे चहावर बोलले गेले आणि त्यांनी परवानगी दिली, म्हणूनच आज ते आपल्यापुढे मांडता येते.

सरांचा मुलगा कॅनडात असतो. त्याच्याशी बोलण्यासाठी घरी लॅपटॉप आहे. एका दुपारी पडदा अचानक अडकला, भोंग्यासारखा आवाज सुरू झाला आणि 'कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, बंद करू नका, ह्या नंबरवर फोन करा' असा मजकूर आला. फोनवरचा माणूस अतिशय नम्र होता. एका मोठ्या कंपनीचे नाव सांगून त्याने सरांकडून एक प्रोग्राम घालून घेतला, ज्यामुळे दुसरीकडे बसून हा कॉम्प्युटर चालवता येतो. मग त्याने लाल खुणांची एक लांबलचक यादी उघडून दाखवली. ही यादी विंडोजच्या धडधाकट कॉम्प्युटरमध्येही असते. बारीकसारीक अडखळणे तिथे रोज नोंदले जाते. पण न जाणणाऱ्याला ती रोग्याच्या रिपोर्टसारखी दिसते. सरांनी दुरुस्तीचे ४,९९९ रुपये भरले.

खरी चोरी त्यानंतर तीन दिवसांनी झाली. पुन्हा फोन आला. कंपनी बंद होत आहे, तुमचे पैसे परत करायचे आहेत, बँकेचे खाते उघडा. पडदा काही क्षण काळा झाला. उजळला तेव्हा खात्यात पाच हजारांऐवजी दोन लाख जमा दिसले. पलीकडचा माणूस रडकुंडीला आला: "सर, माझ्या हातून चूक झाली. माझी नोकरी जाईल. जास्तीचे तेवढे परत करा." सरांनी एक लाख पंचाण्णव हजार परत केले. प्रत्यक्षात कोणीही काही जमा केले नव्हते. चोराने सरांचीच मुदत ठेव मोडून बचत खात्यात आणली होती.

येथे आपण थोडे थांबू या. सर लोभाने फसले नाहीत. जे आपले नाही ते ठेवू नये म्हणून फसले. सातवी आज्ञा पाळता पाळता ते लुटले गेले. चोराला त्यांचा प्रामाणिकपणा नेमका ठाऊक होता आणि त्याने तोच हातात धरला.

मग पाप कुठे आहे? न कळता घडलेले कृत्य मनापासून केलेले ठरत नाही, असे आपली नीतिशास्त्राची परंपरा मानते. मुद्दाम ओढवून घेतलेले अज्ञान वेगळे. सरांचे अज्ञान तसे नव्हते. थोडा निष्काळजीपणा मात्र होता, तो आम्ही झाकणार नाही. मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका, असे त्याच संदेशात लिहिलेले असते आणि सरांनी तो वाचून दाखवला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे म्हटले होते की, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे नियमानेही रेघ ओढली ती फसण्याच्या क्षणावर नव्हे, तोंड उघडण्याच्या क्षणावर.

आणि सरांनी अकरा दिवस तोंड उघडले नाही. बाईंना सांगितले की ठेव पुन्हा मुदतीसाठी ठेवली आहे. पन्नास वर्षांच्या संसारात बायकोशी आपण हे पहिलेच मोठे खोटे बोललो, असे ते म्हणाले. ह्या अकरा दिवसांत तिसरा फोन आला: तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आठ हजार फी भरा. तेही गेले. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर ही चोरांच्या बाजारात विकण्याची वस्तू असते, हे आपल्यातील किती जणांना माहीत आहे?

"का नाही सांगितले?" आम्ही विचारले. उत्तर ऐकून आम्हीच खजील झालो. मागे अशाच प्रकारात कुणाचे तरी पैसे गेले, तेव्हा मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात "एवढे शिकलेले, तरी कसे फसले?" म्हणून जो हशा झाला होता, त्यात सरही होते. आम्हीही तिथेच उभे होतो आणि गप्प बसलो होतो.

सगळ्यात वाईट गोष्ट त्यांनी सर्वांत शेवटी सांगितली. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या आळीतल्या एका मुलाने तो लॅपटॉप दुरुस्त करून दिला होता, एक पैसाही न घेता. सरांना वाटले, त्यानेच काहीतरी करून ठेवले असणार. हे ते आळीत तिघांशी बोलले. तो मुलगा आपल्या गायनवृंदात का येत नाही, ह्याचे आम्हाला कोडे पडले होते. ते तेव्हा सुटले.

संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या 'सुम्मा थिओलॉजिका'मध्ये नेमका ह्याच प्रश्नावर एक परिच्छेद आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही तो परीक्षेपुरता वाचला होता. शंकेला जागा असेल तेव्हा माणसाबद्दल चांगलेच गृहीत धरावे काय, असा प्रश्न ते घेतात. अशाने आपण वारंवार फसू, ही हरकतही मांडतात, आणि ती मान्य करतात! फसाल, पण वाइटाला चांगले समजण्यात कुणावर अन्याय होत नाही. चांगल्याला वाईट समजण्यात होतो. सरांनी त्या नम्र चोरावर विश्वास ठेवला, त्यात नुकसान त्यांचे स्वतःचे झाले. त्या मुलावर संशय घेतला, त्यात दुसऱ्याचे. पापनिवेदन करायचेच असेल, तर ते ह्या दुसऱ्या गोष्टीचे आणि बाईंशी बोललेल्या खोट्याचे.

पण संत थॉमस तिथेच थांबत नाहीत. त्याच ठिकाणी ते म्हणतात की, दुखण्यावर उपाय करायचा असेल तर मात्र सर्वांत वाईट तेच झाले आहे असे धरून चालावे. मोठ्या रोगावरचे औषध लहान रोगालाही पुरते. सातशे वर्षांहून जुना हा सल्ला कॉम्प्युटरला तंतोतंत लागू पडतो. इंटरनेट तोडा. चोराला सगळे पासवर्ड कळले आहेत असे धरा आणि दुसऱ्या यंत्रावरून ते बदला. दूरून चालवण्याचा प्रोग्राम काढून भागत नाही, यंत्र पूर्ण पुसून नव्याने भरून घ्या. आणि हे सगळे नंतर. सर्वांत आधी बँकेला आणि १९३० ह्या सरकारी क्रमांकावर फोन करा. लवकर कळवले तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच रोखता येऊ शकतात. पुढे ते ह्या खात्यातून त्या खात्यात पळतात आणि रोख काढले जातात. सरांचे अजून काही मिळालेले नाही. मिळतील अशी खोटी आशा आम्ही त्यांना दिली नाही.

एक गोष्ट जाता जाता. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी खाडीपलीकडे मीरा रोडला कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली शेकडो तरुण मुले अमेरिकेतील लोकांना करखात्याचे अधिकारी म्हणून धमकावत होती. ती कुणाच्या तरी घरची, आईने डबा भरून पाठवलेली मुले होती. चांगल्या पगाराची नोकरी लागली म्हणून पेढे वाटताना, फोनवर नेमके काय बोलावे लागते, एवढे घरात विचारायला काय हरकत आहे?

सरांनी त्याच रात्री बाईंना सांगितले. त्या रागावल्या, पण पैशांसाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी तक्रार नोंदवून सर त्या मुलाच्या घरी गेले. त्याच्या आईने दार उघडले आणि आत या असे म्हटले नाही. सर उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बोलले. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "सर, लॅपटॉप अजून तसाच आहे का? चालू करू नका, मी येतो." आळीतल्या त्या तिघांकडेही सर गेले, प्रत्येकाच्या घरी वेगवेगळे.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात सर हे सर्व स्वतः सांगणार आहेत, आणि ती लाल खुणांची यादी तो मुलगा पडद्यावर उघडून दाखवणार आहे. चहा महिला मंडळाकडून आहे. वयस्करांना घेऊन या, आणि ज्यांचे असे काही होऊन गेले आहे आणि अजून घरात सांगितलेले नाही, त्यांच्यासाठी कार्यालय त्या दिवशी दुपारी एकपर्यंत उघडे राहील.

आपले धर्मगुरू