बांधावरचा अखत्यार

हवामानबदलाच्या चर्चेत हल्ली ‘स्थानिकांचे पारंपरिक ज्ञान’ हे पालुपद झाले आहे. रायगडच्या किनाऱ्याचा विषय निघाला की आगरी, कोळी, कातकरी यांना कार्यशाळेला बोलवायचे, त्यांच्या उधाणाच्या आठवणी टिपायच्या आणि अहवालाच्या परिशिष्टात टाकायच्या. याला लोकांचे नेतृत्व म्हणणे ही दिशाभूल आहे.

धरमतर खाडीकाठी, पेण-अलिबागच्या खारेपाटात, शेती बांधाच्या भरवशावर उभी आहे. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खेकड्याने पाडलेले भोक भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवसांतच चिखलाने बुजवले नाही, तर पुढच्या उधाणाला तिथेच खांड जाते, म्हणजे बांध फुटतो. मग खारे पाणी शेतात शिरते आणि भातपीक हातचे जाते. बांधातल्या उघाडीची झडप भरतीला मिटते, ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते. ती गाळाने अडली तर शेत आतूनच बुडते. जुन्या शिलोत्री पद्धतीत या देखभालीसाठी बिघ्यामागे मणभर भात वसूल होई. म्हणजे ज्ञानामागे वसुली होती, श्रम होते आणि हुकूमही होता.

ती व्यवस्था न्याय्य होती असे मुळीच नाही. खोतांच्या जमीनदारीविरुद्ध चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 असा संप केला तो उगाच नव्हे. पण 1948 आणि 1979 च्या खारभूमी कायद्यांनी बांधाची सूत्रे सरकारकडे नेली. कूळकायद्याने कुळे जमिनीची मालक झाली, बांधाची झाली नाहीत.

ज्ञान नोंदले की टिकते, असे म्हणणाऱ्यांना हीच गोष्ट दिसत नाही. भोक कुठे पडेल हे रोज बांधावरून जाणाऱ्याला कळते. आणि ज्याच्या शब्दावर माती पडत नाही, तो हळूहळू बांधावर जाणेच सोडतो. समजा, नोंद अचूक झाली. तरी उधाण अंदाजपत्रकाच्या मंजुरीसाठी थांबत नाही. समजा, निधीही आला. तोवर बुडालेल्या शेतात कांदळवन उगवलेले असते, ते कायद्याने संरक्षित असते आणि शेतकरी स्वतःच्याच जमिनीत परका ठरतो. कांदळवन लाटांचा जोर मोडते, बांधाबाहेर ते हवेच. पण ते कुठवर वाढू द्यायचे, हे ठरवताना बांध राखणाऱ्याला कोणी विचारत नाही.

काँक्रीटची भिंत हा ठेकेदाराचा उपाय. ‘समुद्राला जागा द्या’ हा ज्याची जमीन जाणार नाही त्याचा सल्ला.

पाणलोटाचेही तेच. हेटवणे धरण पेण तालुक्यात, पाणी नवी मुंबईला आणि खारेपाटातल्या गावांत पिण्याच्या पाण्याची टंचाई. गावांना निर्णय पेलत नाही म्हणावे, तर याच धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांनी 2008 साली सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रावर) मतदान केले होते.

सल्ला घेणे आणि अखत्यार देणे यांतला फरक हाच या प्रश्नाचा गाभा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला. तसाच अधिकार बांध, उघाडी आणि खाडी यांवर द्या, देखभालीचा निधी गावाच्या हाती द्या. आणि त्या सभेत सातबारा नसलेल्या, पण खाडीवर जगणाऱ्या कातकऱ्याचे मत खातेदाराइतकेच मोजा. एवढे करायची तयारी नसेल, तर सरकारने आणि संस्थांनी लोकांच्या नेतृत्वाची भाषा थांबवावी.